उसण, फळी आणि सहा आठवडे

मागच्या शुक्रवारी रात्री टेबलाखालच्या प्लगमधून लॅपटॉपचा चार्जर काढायला वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली की वाकलेला तसाच राहिलो. उचललेलं वजन किती? फार तर तीनशे ग्रॅम. चार पायांवर रांगत बेडपर्यंत गेलो. लेकीला वाटलं बाबा घोडा घोडा खेळतोय, ती येऊन पाठीवर बसायला निघाली. असो.

शनिवारी सकाळपर्यंत बातमी घरभर, म्हणजे पुण्यापासून साताऱ्यापर्यंत पसरली आणि सल्ले सुरू झाले. आईचा फोन: "तुमच्या सोसायटीत कुणी पायाळू आहे का बघ. हळूच एक लाथ मारायला सांग, लगेच उतरेल." (पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस. आता सोसायटीच्या ग्रुपवर हे कसं विचारायचं?) टीममधल्या एकाचं म्हणणं: "आधी एमआरआय काढ, रूट कॉज कळल्याशिवाय फिक्स कसा करणार?" आणि बाबा म्हणाले, "गादी काढ. फळीवर सरळ झोप. अजिबात हलू नकोस. माझं ऐक, मी भोगलंय."

सोमवारी कसाबसा फिजिओथेरपिस्टकडे गेलो. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलगी. तिने आधी बरेच प्रश्न विचारले. पडलात का, ताप आहे का, वजन उतरलंय का, पायातली ताकद गेल्यासारखी वाटते का, लघवीला काही त्रास, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा? सगळ्याला "नाही" म्हटल्यावर म्हणाली, "मग घाबरायचं काही नाही, सर. दुखेल काही दिवस. पण झोपून राहू नका. जमेल तसं चाला, जमलं तर ऑफिसला जा. एमआरआयची आत्ता गरज नाही."

घरी आलो. बाबा तोपर्यंत साताऱ्याहून येऊन बसले होते. त्यांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "चाला म्हणाली? डॉक्टरच आहे ना ती?"

बाबांचा हा धक्का समजून घ्यायला १९८८ सालात जावं लागेल. बाबा तेव्हा पिंपरीला एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये होते. एक जॉब उचलताना कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं, गादी सरकली आहे. आठवडाभर हॉस्पिटलात कमरेला वजनं लावून ट्रॅक्शन, मग घरी फळीवर, एकूण सहा आठवडे. संडासला उठायचं तेवढंच. नंतर कमरेचा पट्टा, आणि कायमचा सल्ला: "आता आयुष्यभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही." बाबा शिस्तीचा माणूस. त्यांनी तो सल्ला कायदा म्हणून पाळला. कारखान्यात त्यांनी हलकं काम मागून घेतलं, ओव्हरटाइम गेला. घरात पाण्याची बादली, गव्हाचं पोतं, गॅसचा सिलेंडर सगळं आईने ओढलं. सहा वर्षांपूर्वी माझी मुलगी झाली तेव्हाही बाबांनी तिला बसूनच मांडीवर घेतलं. उभं राहून कडेवर कधीच नाही.

आणि आता पंचविशीतली एक मुलगी सांगते की चाला. दोघांपैकी एक कुणीतरी चूक असणार ना? पडल्या पडल्या (म्हणजे खरं तर दर अर्ध्या तासाने उठून चालत चालत) वाचायला सुरुवात केली. जे सापडलं ते मजेशीर आहे, आणि थोडं वाईट वाटायला लावणारंही.

कंबरदुखी ही काही नवी गोष्ट नाही. आपल्याकडे तिला वाताचं दुखणं म्हणायचे, युरोपातही बराच काळ ती संधिवाताच्याच खात्यात जमा होती. थंडी लागली, ओल लागली म्हणून दुखतंय; शेकायचं, चोळायचं आणि कामाला लागायचं. "मणक्याला इजा झाली म्हणून कंबर दुखते" ही कल्पना त्यामानाने अलीकडची. तिला जोर मिळाला तो रेल्वेमुळे! इंग्लंडात रेल्वे आली, अपघात आले, अपघातांमागून नुकसानभरपाईचे खटले आले. १८६६ मध्ये जॉन एरिक एरिकसन या लंडनच्या सर्जनने रेल्वे अपघातांत मज्जासंस्थेला होणाऱ्या इजांवरची आपली व्याख्यानं छापली आणि 'रेल्वे स्पाइन' हा शब्द गाजू लागला. बाहेरून काही दिसत नसलं तरी आत मणक्याला मार लागलेला असू शकतो, ही भीती लोकांच्या मनात तेव्हापासून घर करून बसली.

त्याच सुमारास विश्रांती हेच औषध, हा विचार मोठा होत होता. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जॉन हिल्टनने १८६३ मध्ये आपली व्याख्यानं पुस्तकरूपाने काढली. 'रेस्ट अँड पेन' या नावाने ते पुस्तक पुढे प्रसिद्ध झालं. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस तर पिढीजात हाडवैद्यांच्या घरातला. मोडलेल्या हाडाला, क्षयाने पोखरलेल्या सांध्याला पूर्ण, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या, हा त्याचा मंत्र. आणि मोडलेल्या हाडापुरतं ते बरोबरच होतं. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने पहिल्या महायुद्धात थॉमसची पट्टी वापरात आणली आणि मांडीचं हाड मोडलेल्या कितीतरी सैनिकांचे प्राण वाचले. गडबड पुढे झाली. मोडलेल्या हाडाचा नियम न मोडलेल्या कमरेलाही लागू झाला. कोडच्या भाषेत सांगायचं तर एका मॉड्यूलमध्ये नीट चालणारं फंक्शन उचलून दुसरीकडे पेस्ट केलं, आणि टेस्ट कुणीच केली नाही.

मग आलं १९३४ साल. बॉस्टनमध्ये विल्यम जेसन मिक्सटर हा न्यूरोसर्जन आणि जोसेफ बार हा हाडांचा डॉक्टर, या दोघांनी दाखवून दिलं की दोन मणक्यांमधली चकती फाटून तिचा भाग मागे नसेवर दाबला गेला तर पायात कळ येते, आणि ऑपरेशनने तो भाग काढला तर रोग्याला आराम पडतो. मोठाच शोध होता. सायटिकाच्या ज्या रोग्यांना खरंच गरज आहे त्यांना आजही त्याचा फायदा होतो. पण या शोधाने डॉक्टरांच्या आणि रोग्यांच्या हातात एक चित्र दिलं. आपल्याकडे मराठीत त्याचं झालं "गादी सरकली". किती बिनचूक भीतीदायक शब्द! ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर कॉटवरून घसरलेली गादी येते. प्रत्यक्षात ही चकती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती अशी सरकत वगैरे नाही. फुगते, तिला चीर पडते, कधी आतला भाग बाहेर येतो, आणि बऱ्याचदा तो शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. शिवाय साध्या कंबरदुखीच्या बहुतेक रोग्यांत नेमकं अमुक एका ठिकाणी बिघाड आहे असं बोट ठेवून सांगता येत नाही. पण "गादी सरकली" म्हटल्यावर माणूस हलेल कशाला?

या चित्राला आकड्यांची जोड मिळाली ती स्वीडनमध्ये. आल्फ नाखेमसन या डॉक्टरने १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांतल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. (स्वयंसेवक व्हायला कोण तयार झालं असेल, देव जाणे.) उभं असताना दाब १०० धरला तर पाठीवर झोपल्यावर २५, बसल्यावर १४०, पुढे वाकून बसल्यावर १८५. आपल्या हापिसातल्या 'नीट कसं बसावं' छाप पोस्टरांमागे बरेचदा हाच तक्ता असतो. निष्कर्ष अगदी उघड वाटत होता: झोपल्यावर दाब सगळ्यात कमी, म्हणून झोपा. १९९९ मध्ये जर्मनीत उल्म इथे आधुनिक सेन्सर लावून पुन्हा मोजणी झाली तेव्हा सैल बसल्यावरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त निघाला नाही. पण खरी चूक आकड्यात नव्हतीच. दाब कमी म्हणजे लवकर बरं, ही मधली पायरी कुणी तपासलीच नव्हती. स्वतः नाखेमसननेही पुढे नको त्या उपचारांवर कडक टीका केली आणि कंबरदुखीवाल्यांना कामावर परत पाठवा असं सांगत राहिला.

आता गंमत बघा. अंथरुणावर पडून राहणं वाईट, हे कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही. १९४७ मध्येच रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरने अंथरुणाच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला होता: रक्ताच्या गुठळ्या, झिजणारे स्नायू, ठिसूळ होणारी हाडं, खचलेलं मन. तरीही कंबरेच्या बाबतीत "पडून राहा" हा सल्ला चाळीस वर्षं टिकला. का? कारण तो लागू पडायचा! अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरीच सुधारते. त्या काळात तुम्ही फळीवर झोपा, शेक घ्या, पट्टा बांधा नाहीतर पायाळू माणसाची लाथ खा, श्रेय ज्याचं त्याला मिळतं. आईचा पायाळू आणि बाबांची फळी, दोघांचा सक्सेस रेट त्यामुळेच उत्तम.

हे कोडं सोडवायला एकच मार्ग होता: दोन गट करून तुलना. आपण ज्याला एबी टेस्टिंग म्हणतो तेच. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये ते केलं. २०३ रोगी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एकाला सांगितलं दोन दिवस झोपा, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले, आणि बाकी बाबतीत दोन्ही गटांत फरक नाही! मग १९९५ मध्ये फिनलंडने पुढचा प्रश्न विचारला. हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट: दोन दिवस झोपणारे, पाठीचे व्यायाम करणारे, आणि "दुखणं सोसेल तेवढं रोजचंच काम करत राहा" असं सांगितलेले. सगळ्यात लवकर बरा झाला तो तिसरा गट. सगळ्यात मागे, झोपलेले.

या दोन्हींच्या मध्ये, १९८७ साली, ग्लासगोच्या गॉर्डन वॉडेल या हाडांच्या सर्जनने एक वेगळाच मुद्दा मांडला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंबर पूर्वीही दुखायची, आताही दुखते, पण कंबरदुखीमुळे अपंग होणारी माणसं मात्र वाढत चालली आहेत. म्हणजे मणके बदललेले नाहीत, आपण दुखण्याकडे बघण्याची आणि त्यावर उपचार करण्याची रीत बदलली आहे. दुखेल या भीतीने माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने अशक्त होतो, मग आणखी दुखतं, आणखी भीती. आणि ही भीती बऱ्याचदा डॉक्टरच्या एका वाक्यातून आलेली असते.

हे वाचलं आणि मला बाबा आठवले. आयुष्यभर वाकायचं नाही.

पुढचा इतिहास हा सल्ला उलटा फिरवण्याचा आहे, आणि तो सरळ नाही. १९९४ च्या डिसेंबरात अमेरिकेत सरकारी मार्गदर्शिका आली: जास्त झोपू नका, हालचाल ठेवा, धोक्याची लक्षणं नसतील तर लगेच स्कॅन नको, घाईने ऑपरेशन नको. काही मणक्यांचे सर्जन खवळले. ज्या सरकारी संस्थेने ती काढली होती तिच्यामागे राजकीय ससेमिरा लागला, तिचं बजेट कापलं गेलं, तिने मार्गदर्शिका काढणंच बंद केलं आणि १९९९ मध्ये तिचं नावही बदललं. साधं "चाला" म्हणायची किंमत!

एमआरआयचीही गोष्ट त्याच वर्षातली. १९९४ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, लोकांत निदान एक चकती फुगलेली निघाली. २०१५ मध्ये असे सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा दिसलं की कसलाही त्रास नसलेल्या चाळिशीतल्या लोकांपैकी ६८ टक्क्यांच्या चकत्यांत झीज दिसते. म्हणजे मी शनिवारी एमआरआय काढला असता तर काही ना काही नक्की सापडलं असतं, आणि मी उरलेलं आयुष्य त्या रिपोर्टची फाइल सांभाळत काढलं असतं. लॉगमध्ये वॉर्निंग दिसते म्हणून तोच बग असं नसतं, हे आपण ज्युनियरला पहिल्या आठवड्यात शिकवतो. कमरेच्या बाबतीत मात्र विसरतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ऑस्ट्रेलियातली. १९९७ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या कामगार भरपाई खात्याने सरळ टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या. संदेश एवढाच: कंबर धरली तर पडून राहू नका, हालचाल ठेवा, कामावर जा. डॉक्टरांनाही पुस्तिका पाठवल्या. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये अशी मोहीम नव्हती, त्यामुळे आयताच कंट्रोल ग्रुप मिळाला. २००१ मध्ये रेचल बुकबाइंडर आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला. व्हिक्टोरियात लोकांची मतं बदलली, डॉक्टरांचीही बदलली, आणि कंबरदुखीचे भरपाईचे दावे १५ टक्क्यांनी उतरले. शेजारी काही नाही. एकही गोळी नाही, एकही मशीन नाही. फक्त सल्ला बदलला.

पण शेवट गोड असं म्हणायची सोय नाही. त्याच बुकबाइंडरच्या गटाला नंतर असंही आढळलं की ज्या डॉक्टरांना कंबरदुखीत खास रस होता, त्यांचीच मतं इतर डॉक्टरांपेक्षा जास्त जुनाट होती! २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने कंबरदुखीवर लेखमाला काढली, तिचाही सूर हाच: काय करावं हे बऱ्यापैकी माहीत आहे, पण जगभर दवाखान्यांत होतं ते वेगळंच. आणि ही काही छोटी गोष्ट नाही. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे.

बाबांच्या बाकीच्या शस्त्रांचंही झालं थोडं थोडं. फळी: २००३ मध्ये स्पेनमध्ये ३१३ जुनाट कंबरदुखीवाल्यांना कडक किंवा मध्यम कडक गादी दिली, मध्यमवाले जास्त सुखी निघाले. पॅरासिटामॉल: २०१४ मध्ये सिडनीत सोळाशेवर रोग्यांवर तपासलं, गोळीवाले साधारण १७ दिवसांत बरे, खोट्या गोळीवाले १६ दिवसांत. आणि चालणं: २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातच ७०१ लोकांवर अभ्यास झाला. कंबर नुकतीच बरी झालेल्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं, तर दुखणं परत यायला मधले २०८ दिवस गेले. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांना ११२.

(आता एक जबाबदारीचं वाक्य. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधे बधिरपणा, पायातली ताकद जाणं, ताप, उगाच वजन उतरणं, मोठा मार, पूर्वीचा कॅन्सर, यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि तातडीने डॉक्टर गाठा. तिथे स्कॅनही लागतो आणि कधी ऑपरेशनही.)

रविवारी संध्याकाळपर्यंत माझी कंबर बरीच सैल झाली होती. बाबांना हे सगळं सांगावं की नाही यावर दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं, अॅशरपासून व्हिक्टोरियापर्यंत. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तो टेक्सासवाला अभ्यास कधीचा म्हणालास?"

"१९८६."

"म्हणजे माझ्या आधी दोन वर्षं."

मला काय बोलावं कळेना. मी म्हटलं, बाबा, एका अभ्यासाने जग बदलत नाही, अमेरिकेतच मार्गदर्शिका यायला आठ वर्षं लागली. तुमच्या डॉक्टरांनी पुस्तकात जे होतं तेच सांगितलं. हे खरंच आहे. त्या माणसाने फसवलं नाही, उलट काळजीनेच सांगितलं असणार. पण काळजीने सांगितलेलं वाक्यही माणसाला पस्तीस वर्षं बांधून ठेवू शकतं. "सहा आठवडे झोपा" हे सहा आठवड्यांत संपलं. "आयुष्यभर वाकू नका" हे अजून संपलेलं नाही.

बाबा थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या आईने किती सिलेंडर ओढले असतील रे?"

आई आतून म्हणाली, "मोजले नाहीत. चहा घ्या."

काल सकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालत गेलो. एक पिशवी त्यांनी हातात घेतली, दोन लिटर दुधाची. मी काही बोललो नाही, त्यांनीही नाही. १९८८ चा पट्टा मात्र साताऱ्याच्या कपाटात अजून आहे आणि तो टाकायला ते तयार नाहीत. असो.